पांढऱ्या कागदाखालचे हात

काकांच्या घरात कुठल्याही गिटारवाल्याचं नाव घ्यायला बंदी होती. वरच्या मजल्यावर एक लोखंडी कपाट होतं आणि त्याचे पाचही कप्पे कॅसेटींनी भरलेले होते. प्रत्येक कॅसेटच्या लेबलावर पांढरा कागद चिकटवलेला, आणि त्यावर निळ्या शाईत फक्त एक आकडा. कोणत्या आकड्याखाली कोण वाजवतं, याची नोंद कुठेही नव्हती. ती काकांच्या डोक्यात होती. कॅसेटींच्या डब्यांतून निघालेली चित्रं, म्हणजे लांब केसांची, उघड्या छातीची, धुरात उभी असलेली माणसं, काकूंनी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरली होती. त्यांच्या अंगावर हळदीचे, तिखटाचे आणि सुक्या जवळ्याचे डबे उभे असत.

"नाव कलला की मानूस आयकायचा बंद व्हतो," काका म्हणत. "निस्ता मान डोलवतो."

आम्ही त्यांचे भाडेकरू. वडिलांची बदली पनवेलला झाली आणि खाडीच्या बाजूला असलेल्या त्यांच्या दुमजली घराचा तळमजला आम्हाला मिळाला. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. काका आगरी. त्यांच्या वडिलांनी मिठागरात आयुष्य काढलं होतं. ते मिठागर भरावाखाली गेलं आणि काका जासईच्या एका कंटेनर यार्डात सर्वेअर म्हणून लागले. गाव त्यांना मास्तर म्हणे. आम्ही काका म्हणत असू.

गिटारवाल्यांना ओळखण्यासाठी त्यांनी आपलीच नावं ठेवली होती. एक होता 'कंजूष'. दुसरा कुणी बारा सूर वाजवील तिथे हा तीन वाजवायचा, आणि चौथा आता येणार असं वाटत असतानाच थांबायचा. 'सुतार' एकच छोटा तुकडा पुन्हापुन्हा वाजवून त्यावर अख्खं गाणं उभं करायचा. 'भांडखोर' अँप्लिफायरसमोर उभा राहून त्याच्याकडून किंचाळी काढायचा आणि मग त्या किंचाळीला दमानं सुरात आणायचा. 'घड्याळ' कधी पुढे आलाच नाही. दुसऱ्या गिटारवाल्याच्या मागे उभं राहून त्याने आयुष्यभर ठेका धरला. काकांच्या मते त्या बँडचा ड्रमवालासुद्धा वेळ त्याच्याकडेच विचारायचा. आणि 'लेट लतीफ' प्रत्येक सूर ठेक्याच्या केसभर मागे टाकायचा. "पन चुकत नाय," काका सांगत. "यष्टी सुटता सुटता पकडतोच."

या पाच-सहा जणांविषयी ते घरातल्या माणसांसारखं बोलत. जेवताना मध्येच म्हणत, "सुताराला म्हातारपनी घाई झाली." सासरा वारल्याचं दुःख त्यांना किती झालं ते मला माहीत नाही, पण भांडखोराने शेवटच्या काळात अँप्लिफायरचा आवाज कमी केला याचं दुःख त्यांना बरीच वर्षं होतं.

रविवारी सकाळी नऊ ते बारा शिकवणी असे. पाच-सहा विद्यार्थी. पहिले तीन महिने गिटारला हात लावायचा नाही. भिंतीला टेकून बसायचं, एकच गाणं ऐकायचं आणि ऐकून झाल्यावर सांगायचं. काय सांगायचं, याचा नियम होता.

"काय वाजवला ते कोनालापन आयकू येतं," ते म्हणत. "काय नाय वाजवला ते सांग."

पहिल्या रविवारी मी सांगितलं की मधल्या भागात गिटार नव्हती. त्यांनी मान हलवली. "नव्हती नाय. व्हती. हात तारांवर ठेवून गप बसला व्हता. परत आयक." मी परत ऐकलं. तारांवर तळहात टेकल्यावर येणारी बारीक खरखर तिथे होती. त्या दिवसानंतर तीन महिने मी कंजूषाची शांतता ऐकत होतो. आई म्हणायची की एवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर इंजिनिअर झालो असतो.

ते स्वतः वाजवून दाखवत नसत. बोटं कुठे ठेवायची ते डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर दाखवत. तो हात म्हणजे गिटारची मान. त्यावर उजव्या हाताची बोटं दाबत आणि तोंडाने सूर काढत. वर्षानुवर्षं दाबून त्या हातावर चार फिकट पट्टे उमटले होते. नवीन आलेल्या मुलांना वाटे की काकांकडे गिटारच नाही.

गिटार होती. कपाटाच्या वर, काळ्या पेटीत. काकांच्या मामांची उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर लाँच होती. एका परदेशी जहाजावरच्या खलाशाकडून मामांनी ती इलेक्ट्रिक गिटार घेतली होती आणि भाच्याला दिली होती. दरवर्षी दसऱ्याला पेटी खाली येई. खाडीच्या हवेने गंजलेल्या तारा काढून काका नव्या चढवत, कान लावून सुरात आणत, गिटारला झेंडू वाहत, हळदकुंकू लावत, आणि एकही सूर न वाजवता पेटी पुन्हा वर ठेवत. जी वर्षभर कुणी वाजवणार नव्हतं, त्या गिटारच्या तारा दरवर्षी नव्या असत.

"कशापायी?" काकू विचारत. "बसलेल्या बयलाला दरसाल नवी येसन!"

"ज्याची हाय त्याला तयार पायजे," काका म्हणत.

ती कुणाची, हे ठरलेलं होतं. हा त्या घराचा दुसरा नियम, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितला जाई. तुम्ही वाजवायचं. काका डोळे मिटून ऐकणार. तुमचा हात कुणाकडून आला ते ओळखणार. ज्या दिवशी त्यांना ओळखता येणार नाही, ज्या दिवशी ते म्हणतील, 'ह्यो हात मला माईत नाय', त्या दिवशी गिटार तुमची.

मी त्या परीक्षेला चारदा बसलो. पहिल्यांदा त्यांनी सात सेकंदांत सांगितलं, "घड्याळ. आनि मनगट तुझ्या त्या वर्गातल्या मित्राचा." ते खरं होतं. कॉर्ड बदलण्याची ती ढब मी त्याच्याकडूनच उचलली होती. चौथ्या खेपेला मी मुद्दाम विचित्र वाजवलं. काका हसले. "ह्यो कोनाचाच नाय, कारन ह्यो हातच नाय. ह्यो पाय हाय."

ओळखण्याचा हा प्रकार फक्त गिटारपुरता नव्हता. यार्डात कंटेनर तपासताना सर्वेअर आत शिरतो, दार बाहेरून लावून घेतो आणि अंधारात कुठून उजेड येतो ते पाहतो. उजेड आला की तिथे भोक. काका ते करतच, पण त्याआधी बाहेरून एक चक्कर मारून बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यांनी एका निळ्या कंटेनरच्या बाजूला चार टिचक्या मारल्या आणि बरोबरच्या माणसाला सांगितलं, "हितं ठिगल हाय. रंग मारलाय वरून." माणसाने रंग खरवडला. खाली वेल्डिंगची शिवण होती.

"मास्तर, डोळ्यांना दिसत नाय ते तुमाला दिसतं कसं?"

"दिसत नाय. बोलतो तो."

पुढे मी मुंबईच्या एका दैनिकात लागलो. माझ्या नावाने छापून आलेली पहिली बातमी मी त्यांना दाखवायला नेली. त्यांनी ती दोनदा वाचली, खिशातली पेन्सिल काढली आणि तीन ठिकाणी रेघ मारली. "ही तीन वाक्यं तुझी. बाकी कोना मोठ्या मानसाचा हात हाय. त्याला 'दरम्यान' लय आवडतो." आमच्या मुख्य उपसंपादकांना 'दरम्यान' फार आवडायचं, आणि तीन वाक्यं वगळता बातमी त्यांनी नव्याने लिहिली होती. पुढची वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करण्याचं काम केलं. त्या कामात जे काही जमलं ते पनवेलच्या त्या खोलीत शिकलो होतो.

काकांनी वाजवणं का सोडलं, हे मला काकूंनी सांगितलं. एका दुपारी त्या खाली ओट्यावर कोलंबी सोलत बसल्या होत्या.

तरुणपणी काका गावच्या बेंजो पार्टीत होते. हळदीला, लग्नाला, पालखीला वाजवणारी पार्टी. इतरांकडे बेंजो असे, यांच्याकडे गिटार. त्यामुळे बोलावणी खूप. काकूंच्या धाकट्या बहिणीचं लग्न बेलपाड्याला झालं. खारघरच्या इमारती तेव्हा नव्हत्या, बेलपाडा नुसतं गाव होतं. मांडवाच्या दिवशी सकाळी पार्टी वाजवायला बसली. नवऱ्या मुलाकडचे एक पाहुणे मुंबईच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि काकांच्या पाठीवर थाप मारली.

"काय म्हनाला तो?" काकू म्हणाल्या. "शिवी नाय दिली. नाव नाय ठेवला. म्हनाला, 'वा! हुबेहूब!' झाला. घरी आले, पेटी वर ठेवली. मी म्हटला, अवो, तुमची तारीफ केली त्यानं. तं मला म्हनतात कसे, 'हुबेहूब म्हनजे माझा काय? माझा कायच नाय.' तवापास्नं ती पेटी वर नि ह्ये खाली."

त्या दोघी बहिणींच्या सासरी-माहेरी लग्नं अजून धवलारणीच्या सुरावर लागत. आगऱ्यांच्या लग्नात विधी सांगणारी, प्रत्येक विधीचं धवल गाणारी बाई म्हणजे धवलारीण. काकांची आई पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण होती. मी एकदा काकांना विचारलं की तिचं गाणं कुठे रेकॉर्ड केलंय का. त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "ते कशाला रेकॉट करायचा? ते घरचा." जगातल्या पाच-सहा माणसांच्या हाताची रेघन् रेघ ज्यांना पाठ होती, त्यांनी आईचं गाणं असं बसून कधी ऐकलं नव्हतं. ते घरात वाऱ्यासारखं असे. त्याला आकडा दिलेला नव्हता.

मागच्या वर्षी घर पाडायचं ठरलं. दुमजली जाऊन सहा मजली होणार होतं. काकांच्या मुला-सुनेने कळंबोलीला भाड्याचा फ्लॅट बघितला. कपाट तिथल्या लिफ्टमध्ये मावत नव्हतं, म्हणून कॅसेटी खोक्यांत भरायच्या होत्या. काकांनी जुन्या विद्यार्थ्यांना निरोप पाठवला की या रविवारी शेवटची शिकवणी. आणि एक गोष्ट त्यांनी माझ्याशी फोनवर बोलताना सांगितली. गिटार ते नव्या घरात नेणार नव्हते. या रविवारी कुणी पास झालं तर त्याची. नाही तर सोमवारी मोऱ्याला नेऊन मामांच्या नातवाला परत करणार. लाँचवर टांगून ठेवील, नाही तर विकील.

"तीस वर्सं झाली," ते म्हणाले. "कोन येनार नाय आता. माझाच चुकला आसल. शिकवला तो सगला दुसऱ्यांचा."

त्यांना असं बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं.

रविवारी आम्ही सात जण होतो. त्यांतली एकच आता विद्यार्थी म्हणावी अशी होती. नवीन पनवेलची, एकोणीस वर्षांची मुलगी, चार वर्षं काकांकडे येणारी. तिच्या कॉलेजच्या बँडमध्ये ती एकटीच गिटार वाजवते. पेटी खाली काढून खाटेवर ठेवली होती. कपाट उघडं होतं आणि आम्ही कॅसेटी खोक्यांत भरत होतो. काकू दाराशी जुन्या साड्यांत भांडी गुंडाळत होत्या.

मुलीने स्वतःची गिटार लावली आणि वाजवलं. चार मिनिटं असेल. मला ते फार आवडलं. काकांनी डोळे उघडले नाहीत.

"उजवा हात घड्यालाचा," ते हळू म्हणाले. "थांबतेस ते कंजूषाचा. लय चांगला हाय, पोरी. लय म्हनजे लयच."

"पण?"

"पन माईत हाय मला."

"काका, फेअर नाही हे! तुम्हीच मला चार वर्षं कंजूष ऐकवला. मग त्याचं थोडं येणारच ना हातात?"

"येनारच."

"मग पास कोण होणार? कुणीच नाही?"

काकांनी पेटीची कडी लावली. मुलीने डोळे पुसले, आणि राग लपवायला खोक्यांकडे वळली. तळाच्या कप्प्यात हात घालून तिने उरलेल्या कॅसेटी बाहेर ओढल्या. त्यांत एक कॅसेट अशी होती की पांढरा कागद होता, पण आकडा नव्हता.

"ही कुठली?"

काकांनी ती उलटीपालटी करून बघितली. कागद त्यांनी चिकटवला नव्हता. कडा वेड्यावाकड्या होत्या आणि डिंकाऐवजी भाताच्या शिताने लावल्यासारख्या पिवळ्या पडल्या होत्या. बारीक पेन्सिल घालून त्यांनी फीत घट्ट केली आणि कॅसेट टेपमध्ये सरकवली. "बघू, कोन राहिलाय."

आधी अँप्लिफायरची घरघर आली. मग एक गिटार. कुणीतरी आवाज तपासत होतं. घाई नव्हती. दोन सूर, मग थांबणं, मग एक लांब ओळ. ती वर चढली, आणि संपताना शेवटचा सूर जागेवर न राहता हलकेच खाली सुटला, दमलेल्या माणसाने ओझं खाली ठेवावं तसा. पुन्हा तशीच दुसरी ओळ. पुन्हा शेवटी तसंच.

काकांनी टेप थांबवला. मागे घेतला. पुन्हा लावला.

"सुतार नाय," ते म्हणाले. "सुतार आसा लोंबता सोडनार नाय." पुन्हा मागे घेतला. "लतीफ वाटतो, पन लतीफ मागं असतो. ह्यो मागं नाय. ह्यो ठेक्याच्या बाहेरच हाय, नि तरी हरवत नाय." ते पुढे वाकून टेपला कान लावून बसले. तिसऱ्यांदा ऐकलं. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखतो. त्यांना तीनदा ऐकावं लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ह्यो कोन?" त्यांनी आमच्याकडे बघितलं. "ह्यो हात मला माईत नाय."

मुलगी ताडकन उभी राहिली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो. ते वाक्य त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं.

दाराशी काकूंनी कढई खाली ठेवली. "आवो, असा काय करता? आत्याबायचा सूर हाय तो. सासूबायचा. धवलाच्या शेवटाला अशाच सोडायच्या त्या."

"काय बोलतेस? गिटार हाय ती."

"आसल गिटार. सोडलेला सूर आत्याबायचा हाय. मी काय भयरी हाय?"

काका काकूंना काही सांगणार तेवढ्यात टेपमध्ये साइड ड्रम सुरू झाला आणि मागोमाग ढोलकी. तो ठेका पनवेल-उरणमधल्या कुठल्याही माणसाला झोपेत कळला असता. त्यावरून एक माणूस माइकमध्ये ओरडला, "बेलपाड्याच्या मांडवात जमल्याली पावनी मंडली! आता मास्तर चालू करतात! मास्तर, होऊ द्या!" आणि तीच गिटार ढोलकीवर उतरली, तोच हात, तोच शेवटी सुटणारा सूर, आणि मागे बायकांचं हसणं.

टेप चालू राहिला. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

खुलासा काकूंनीच केला. त्यांच्या बहिणीच्या दिराने लग्नात रेकॉर्ड करायला टेप लावला होता. वर्षभराने बहिणीने ती कॅसेट काकूंना दिली. काकांनी तोवर गिटार सोडलेली होती, त्यांच्यासमोर बेलपाड्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून काकूंनी ती गुपचूप कपाटात तळाला ठेवली. "नि कागद?" मुलीने विचारलं.

"सगल्यांना चिकटवतात म्हनून मीपन चिकटवला," काकू म्हणाल्या. "घरची रीत हाय ना. आकडा काय टाकायचा ते नाय कलला, म्हनून नाय टाकला."

म्हणजे ज्या वाजवण्याला मुंबईचा पाहुणा हुबेहूब म्हणाला होता, ते हे होतं. ते तीस वर्षं त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच पद्धतीच्या पांढऱ्या कागदाखाली पडून होतं, आणि ज्यांना प्रत्येक हात ओळखू येत होता त्यांना तेवढा एक ओळखता आला नव्हता.

काका जमिनीकडे बघत होते. "पावन्याला माईत नव्हता," ते शेवटी म्हणाले. "त्यानं आईला आयकला नव्हता कदी." मग थोड्या वेळाने, "मी तरी कुठं आयकला."

मुलीने खाटेवरच्या पेटीची कडी काढली. गिटार उचलून तिने ती काकांच्या मांडीवर आडवी ठेवली.

"काका, नियम तुमचाच आहे."

"गप."

"ओळखू आलं नाही. तुम्ही स्वतः बोललात, सात साक्षीदार आहेत. पास. घ्या तुमची गिटार."

"आठ," काकू म्हणाल्या. "मी काय मोजनीत नाय?"

तारा दसऱ्याच्या होत्या. एकच खुंटी पिळावी लागली. काकांनी डावा हात गिटारच्या मानेवर ठेवला, आणि क्षणभर त्यांचा उजवा हात सवयीने डाव्या मनगटाकडे गेला. मग तो तारांवर आला. त्यांनी दोन सूर वाजवले, थांबले, आणि ती लांब ओळ वाजवली. बोटं जड झाली होती. मधला एक सूर नीट दाबला गेला नाही, फरफरला. शेवटचा मात्र खाली सुटला.

त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कोन वाटतो?"

प्रश्न मला होता. चारदा नापास झालेला मीच तिथे सगळ्यांत जुना होतो.

"माहीत नाही, काका," मी म्हणालो.

सोमवारी मोऱ्याला कुणी गेलं नाही. त्या आठवड्यात घर रिकामं झालं आणि महिनाभरात पाडलं गेलं. आता तिथे पाया भरून झाला आहे. कॅसेटींची खोकी कळंबोलीच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली आहेत. त्यांवरचे कागद तसेच आहेत. बेलपाड्याच्या कॅसेटला काकांनी अजून आकडा दिलेला नाही. शिकवणी बंद आहे, पण ती मुलगी रविवारी येते; तिचा जुना अँप्लिफायर तिने काकांकडेच ठेवला आहे. आता काका तिला धवल ऐकायला काकूंच्या बहिणीकडे पाठवतात आणि परत आल्यावर विचारतात की धवलारणीने काय गायलं नाही.

मी दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि आधी तोंड बारीक करून सांगितलं की सोसायटीत तक्रार झाली. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तक्रारवहीत लिहिलं होतं. सेक्रेटरी पान घेऊन आले. काकांनी ते वाचलं, माफी मागितली, वाजवायची वेळ अकरा ते बारा अशी ठरवून घेतली, आणि त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. सेक्रेटरींना वाटलं, म्हातारा कोर्टात जाणार.

झेरॉक्स गिटारच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. मी ती वाचली. मजकूर तीन ओळींचा. पहिल्या ओळीत मजला आणि फ्लॅटचा क्रमांक. दुसऱ्या ओळीत लिहिलंय की वरचे आजोबा रोज सकाळी इलेक्ट्रिक गिटार वाजवतात आणि फरशीतून आवाज येतो. तिसरी ओळ अशी: 'कुणाची गाणी वाजवतात तेही ओळखू येत नाही.'

त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली आहे.